बझर गप झाला म्हणजे सेन्सर खराब, हे साफ चुकीचं आहे

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला, दोघं मालवणचे, एक देवगडचा आणि एक आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातलाच. मेसेज थोडक्यात असा: बोटीच्या डिझेल इंजिनचा टेंपरेचर अलार्म शंभरात नव्वद वेळा खोटा असतो, वाफ दिसत नसेल आणि गेजचा काटा मधे असेल तर घाबरू नका, सेन्सरची वायर काढा, बझर गप झाला की सेन्सर खराब हे सिद्ध झालं, खात्री करायची तर सेन्सर उकळत्या पाण्यात टाकून बघा, आणि कायमचा उपाय पाहिजे असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. खाली "सगळ्या मच्छीमार भावांपर्यंत पोचवा".

कोल्हापूरला समुद्र नाही हे मान्य, पण किनाऱ्यावरच्या लाँचांची हेडं, म्हणजे इंजिनच्या सिलेंडरांवरची झाकणं, गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट चढून माझ्याकडं फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला येतात, आणि वाकलेलं हेड टेबलावर ठेवून मालक जे सांगतो ते मीच ऐकत असतो. म्हणून हे लिहितोय, जरा लांबेल पण वाचा.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो. अलार्म खोटा वाजतो, नक्की वाजतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, लाँच वर ओढलेली, दोन महिने खारा वारा आणि पाऊस, टर्मिनलवर हिरवी बुरशी चढल्यासारखं होतं, वायरचं कव्हर कडक होऊन तडकतं आणि ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांना बझर उगाच बोंबलतो. पण नव्वद हा आकडा कुणी मोजला? कुणीच नाही. आणि दहा वेळा खोटा वाजला म्हणून अकराव्या वेळी खोटाच असणार असं थोडंच असतंय.

आता वायरचं. सगळ्यात जास्त नुकसान ह्याच मुद्द्यानं होतं म्हणून नीट सांगतो. साध्या मेकॅनिकल इंजिनांवर अलार्मसाठी जो स्विच असतो (मेसेजमधला सेन्सर तो हाच) त्यात आत दोन धातूंची एक पत्री असते, ती थंड असताना सर्किट उघडं, आणि ठरलेल्या तापमानाला, बहुतेक इंजिनांवर 95 ते 100 अंशांच्या दरम्यान, ती वाकते आणि वायरला इंजिनच्या बॉडीशी म्हणजे अर्थशी जोडते, की बझर वाजला. मग तुम्ही वायर काढली की काय होणार? सर्किट तुटलं, बझर गप. स्विच चांगला असला तरी गप, खराब असला तरी गप, इंजिन खरंच तापून लाल व्हायला आलेलं असलं तरी गपच. घरातलं बटण बंद केल्यावर दिवा विझला म्हणून बल्ब गेलाय असं कोण म्हणतं का? ह्या टेस्टमधनं कामाचा निकाल एकच मिळतो आणि तो मेसेजमधे नाहीच: वायर काढूनही बझर वाजतच राहिला, तर एक म्हणजे वायर मधेच कुठंतरी सोलून बॉडीला टेकलीय, नाहीतर तो बझर टेंपरेचरचा नव्हताच. बऱ्याच पॅनेलवर ऑइल प्रेशर, चार्जिंग आणि टेंपरेचर ह्या तिघांना बझर एकच असतो. त्यामुळं आधी दिवा कुठला लागलाय ते बघा. ऑइलचा दिवा लागला असताना टेंपरेचरची वायर उपटत बसलात तर इंजिन बेअरिंगपासनं जाणार. आणि चार्जिंग आणि टेंपरेचर दोन्ही दिवे एकदम लागले तर बेल्ट बघा, बऱ्याच इंजिनांवर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरतात, बेल्ट तुटलाय आणि अलार्म शंभर टक्के खरा आहे.

मागच्या सीझनला मालवणच्या एका लाँचवाल्या काकांचा फोन, "मेस्त्रीनू, बझर वाजत होतो, वायर काढलंय, गप झालो." मी म्हटलं काका आधी इंजिन बंद करा, तर ते म्हणाले आता बंदरातच आलोय, येताना जरा धूर जास्त होता. आठ दिवसांनी हेड माझ्याकडं. सरळपट्टी लावली आणि दोन नंबर तीन नंबर सिलेंडरच्या मधे फीलर गेजची 0.20 मिलिमीटरची पट्टी सुळकन आत गेली, म्हणजे हेड वाकलेलं. मी त्यांना हीट एक्स्चेंजरपण (ज्यात समुद्राच्या पाण्यानं इंजिनचं पाणी गार होतं) पाठवायला सांगितला होता, त्याच्या समुद्राच्या पाण्याच्या तोंडाशी बोट घातलं तर काळ्या रबराची तीन पाती अडकलेली. इंपेलर, म्हणजे समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, त्यांनी चार महिन्यांपूर्वीच नवा टाकला होता, अगदी वेळेवर. पण जुन्या इंपेलरची तुटलेली पाती गेली कुठं हे टाकणाऱ्यानं बघितलं नव्हतं. समुद्राचं पाणी बोटीच्या मागून पडत होतं पण अर्धंच, लोड आला की तापायचं, हळू केलं की उतरायचं, म्हणून सगळ्यांना वाटलं की अलार्म येडा झालाय. अलार्म एकटाच खरं सांगत होता हो. इंपेलर बदलताना जुन्याची पाती मोजा, एक जरी कमी असली तरी ती शोधल्याशिवाय कव्हर बसवू नका.

"वाफ दिसत नाही." कशी दिसेल? इंजिनच्या पाण्याची बंद सिस्टिम आहे, तिची कॅप साधारण 0.9 बारची असते, त्या प्रेशरला साधं पाणीसुद्धा 118-119 पर्यंत उकळत नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी आत गार असतं का? 105 ला हेड त्रासात असतं आणि बाहेर वाफेचा टिपूस नसतो. आणि बघायचं म्हणून गरम इंजिनची कॅप उघडू नका, हातपाय भाजून घेतलेली माणसं मी बघितलीत.

"गेजचा काटा मधे आहे." बहुतेक इंजिनांवर गेजला तापमान कळवणारा सेंडर वेगळा आणि अलार्मचा स्विच वेगळा, दोन्ही वेगळ्या जागी बसवलेले. सेंडरचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो, आपल्याकडं जो युरोपियन पद्धतीचा सेंडर सर्रास मिळतो त्याचा 40 अंशांना 290 ओहमच्या आसपास आणि 100 ला जेमतेम 38. म्हणजे गंजलेलं टर्मिनल, सैल लग, किंवा आट्यांवर भरपूर गुंडाळलेली टेफलॉन टेप, ह्यानं रेझिस्टन्स वाढला की काटा खरं आहे त्यापेक्षा कमीच दाखवणार. गेज वेगळ्या पद्धतीचा आणि सेंडर वेगळ्या पद्धतीचा बसवला तर बोलायलाच नको. अजून एक वाईट गोष्ट, कूलंट (इंजिनमधलं गार ठेवणारं पाणी) गळून गेलं असेल तर सेंडर पाण्यात नसतोच, हवेत लटकत असतो, इंजिन तापतंय आणि काटा खाली. काटा आणि अलार्म भांडत असतील तर तिसऱ्याला विचारायचं, काट्याला मत द्यायचं नाही.

उकळत्या पाण्याची टेस्ट तर डोळे झाकून सांगितलीय. समजा तुमचा स्विच बिघडलाय आणि 98 ऐवजी 80 लाच जोडतोय, म्हणजे खरोखरचा खोटा अलार्म. तो उकळत्या पाण्यात टाकला तर जोडणारच की, तुम्ही म्हणणार स्विच ओके. जे पकडायचंय तेच सुटतंय. आणि उलट्या बाजूनं आपल्या गावाची गंमत बघा, कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साधारण 550 मीटर उंच, इथं पाणी 98 च्या आसपासच उकळतं. अंगावर 100 छापलेला स्विच उद्यमनगरात चहाच्या भांड्यात उकळत ठेवला तर तो दिवसभर जोडणार नाही, आणि पोरं तो चांगला स्विच खराब म्हणून भंगारात टाकतात. मी स्वतः तसा एक भंगारातनं उचलून तपासला, 101 ला जोडला, 93 ला सुटला, एकदम निरोगी. टेस्ट करायची तर पातेल्यात तेल घ्या, स्विच तारेनं लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, आणि गॅस बारीक. जोडला किती अंशांना आणि गार होताना सुटला किती अंशांना, दोन्ही लिहून ठेवा.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. बऱ्याच इंजिनांचा थर्मोस्टॅट गरम झाल्यावर एक वाट उघडतो आणि त्याचवेळी बायपासची वाट बंद करतो. तो काढलात की बायपास कायमचा उघडा, थोडं पाणी हीट एक्स्चेंजरकडं न जाता तसंच गोल फिरत राहतं आणि लोडवर इंजिन जास्तच तापू शकतं. आणि हळू चालवताना मात्र इंजिन गारच राहतं, डिझेल नीट जळत नाही, काजळी, लायनरला (सिलेंडरच्या आतल्या नळीला) चकाकी, ऑइल खाणं सुरू. दोन्हीकडनं मार.

मग अलार्म वाजल्यावर करायचं काय. आधी स्पीड उतरवा, दिवा बघा, मागून पाणी नेहमीएवढं पडतंय का बघा. कमी असेल तर इंजिन बंद, सी-कॉकच्या (समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या नळाच्या) तोंडाला प्लॅस्टिक चिकटलंय का, गाळणीत गवत आहे का, मग इंपेलर. पाणी बरोबर असेल तर तिसरा साक्षीदार काढा, म्हणजे लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन. थर्मोस्टॅट हाउसिंगवर मारा, पण पेंट केलेल्या जागी, चकचकीत धातूवर ती खूपच कमी आकडा दाखवते, पेंट नसेल तर काळी टेप चिकटवून त्यावर. गन 78 म्हणते आणि बझर वाजतोय, आता म्हणा अलार्म खोटा. गन 100 जवळ गेली तर वाद संपला. आणि पाणी भरपूर पडतंय, इंजिन गरम आहे, पण हीट एक्स्चेंजरमधनं बाहेर पडणारं समुद्राचं पाणी आत जाणाऱ्यापेक्षा फारसं कोमट नाही, तर ट्यूबांत क्षार बसलाय, उष्णता पलीकडं जातच नाहीये.

खोटा ठरलाच तर वायरिंग शोधायची सोपी खूण: काट्याकडं बघत नेव्हिगेशन लाइट आणि बिल्ज पंप (बोटीत साचलेलं पाणी उपसणारा) चालू करा. काटा उडी मारतोय? पाणी एका सेकंदात तापत नाही, अर्थ खराब आहे, इंजिनपासनं बॅटरीपर्यंतची निगेटिव्ह केबल दोन्ही टोकांना उघडून घासा. फुल लोडवरनं येऊन लगेच इंजिन बंद केलं आणि पुन्हा चावी फिरवल्यावर बझर वाजला तर ती हेडमधली साठलेली उष्णता, बंद करायच्या आधी चार-पाच मिनिटं आयडलला ठेवा. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर ह्यातलं वायर काढणं-टेकवणं काही करू नका, तिथं इंजिनच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचून घ्या.

आणि कुणी वायर काढून ठेवली असेल तर आजच जोडा. जोडायच्या आधी चावी ऑन करून स्विचच्या वायरचं टोक इंजिनच्या कोऱ्या धातूला टेकवा, बझर वाजला पाहिजे. मालवणचे ते काका आता दर फेरीला सी-कॉक उघडायच्या आधी हे करतात आणि फोनवर मला तो आवाज ऐकवतात.