त्यांचा कायोटी, आपला बिबट्या

नोव्हेंबरात आप्पाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, मी राहते त्या अमेरिकेतला एक व्हिडिओ पाठवला. मिट्ट रात्र, थर्मल दुर्बिणीतून राखाडी दिसणारं माळरान, त्यात पळणारा एक पांढरा ठिपका. मग ठिपका आडवा. खाली आप्पाचं वाक्य: "तुमच्याकडं बघ, जनावर लई झालं की उडवत्यात. आमच्याकडं आधी अर्ज."

आप्पाचा राग मला कळतो. तो जुन्नर तालुक्यातला, घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. दोन वर्षांपूर्वी गोठ्यातून त्याची कालवड गेली. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक रस्ता अडवला, आणि शेवटी एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. आणि प्रत्येक वादात कुणीतरी अमेरिका काढायचंच.

त्या व्हिडिओतला ठिपका म्हणजे कायोटी. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान, दहा ते वीस किलोचं जनावर. मी नऊ वर्षं अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, मॅनहटन गावाबाहेर राहते (हो, या नावाचं गाव इथेही आहे, आणि ते स्वतःला 'लिटल अ‍ॅपल' म्हणवून घेतं). भोवती फ्लिंट हिल्सच्या टेकड्या. जमिनीत इतका गोटा की नांगर चालला नाही, म्हणून गवत टिकलं आणि गवतावर गायी. आमचे घरमालक सत्तरीचे, दोनशेच्या आसपास गायी बाळगून आहेत. ते या प्राण्याला 'काय-ओट' म्हणतात, इथले सगळे जुने शेतकरी तसंच म्हणतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं ते मला काहीतरी विचारतायत.

आप्पा म्हणतो ते खरं आहे. कॅन्ससमध्ये कायोटीला वर्षभर कधीही मारता येतं, कितीही मारता येतात, आणि स्वतःच्या रानात शेतकऱ्याला त्यासाठी परवानाही लागत नाही. रस्त्याकडेच्या कुंपणाच्या खांबांवर मेलेले कायोटी उलटे टांगलेले मी पाहिले आहेत. आमच्या शेतातल्या बुजगावण्यासारखं ते वाटतं, पण कायोटी बुजत नाहीत. ते माणसांना दाखवण्यासाठीच असावं.

मात्र घरमालक बंदूक उचलण्याआधी काय करतात, ते आप्पाच्या व्हिडिओत नव्हतं. गेल्या मार्चमध्ये ओढ्याजवळ एक नवं वासरू अर्धवट खाल्लेलं सापडलं. मला वाटलं, झालं, आता सापळे. त्यांनी आधी खिशातला चाकू काढला. मानेजवळची आणि मागच्या पायांची कातडी सोलून आतलं मांस पाहिलं. जिवंत जनावराला दात लागले तर कातडीखाली रक्त साकळतं; मेल्यावर खाल्लं तर तिथे पांढरं-कोरडं असतं. मग खूर पाहिले. नवजात वासराच्या खुरांच्या टोकाला मऊ पिवळसर आवरण असतं, चार पावलं चाललं की ते झिजतं. त्या वासराचं शाबूत होतं. शेवटी फुप्फुसाचा तुकडा बादलीभर पाण्यात टाकला. तो बुडाला, म्हणजे त्या पिल्लाने एकही श्वास घेतला नव्हता. वासरू मेलेलंच जन्मलं होतं. कायोटी वारेच्या वासावर आला आणि आयतं मिळालं ते खाऊन गेला. त्या दिवशी सापळा लागला नाही.

आणखी एका वर्षी एका वासराच्या मानेखाली रक्त साकळलेलं मिळालं, तेव्हा दुपारपर्यंत वाटेवर सापळे बसले होते. जमिनीत तिरकं भोक, भोकात कुजकं आमिष, कडेला दुसऱ्या कायोटीचं मूत्र, आणि पाय पडेल तिथे मातीखाली चाप. सापळे रोज फिरून पाहावे लागतात, तसा इथला नियमच आहे. तिसऱ्या सकाळी एक नर सापडला. .२२ बंदुकीची एक गोळी. मी लांब उभी होते आणि मला ते आवडलं नाही, हे लिहायला हवं. पण त्या हंगामात पुढे वासरू गेलं नाही, हेही लिहायला हवं.

आता आप्पाच्या मुद्द्याचा दुसरा भाग: मारलं की कमी होतात. इथेच अमेरिकेचं उदाहरण अमेरिकेच्याच अंगावर येतं. १९१५ साली अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, हिंस्र प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी केंद्रीय खात्याला पैसे दिले, १९३१ मध्ये त्याचा कायदा झाला. बंदुका, सापळे, विमानातून गोळीबार, स्ट्रिक्निन आणि १०८० नावाची विषं, सगळं झालं. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर विष घालायला बंदी केली (आपला वन्यजीव कायदाही त्याच वर्षीचा), पुढे तीही सैलावली. २०१७ मध्ये आयडाहो राज्यात पोकाटेलोजवळ कायोटीसाठी जमिनीत पुरलेला सायनाइडचा सापळा एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हाताने उडाला. तो वाचला, त्याचा कुत्रा डोळ्यांसमोर मेला. आजही ते केंद्रीय खातं दरवर्षी साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं, खाजगी शिकारी मारतात ते वेगळेच. आणि एवढं करून? शतकापूर्वी मुख्यतः पश्चिमेच्या माळावर असलेला हा प्राणी आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आहे.

लांडगा संपवला, त्याची रिकामी जागा कायोटीने घेतली, हे एक कारण. दुसरं त्याच्या घरातलं. जोडपं आपला इलाखा राखतं आणि बहुधा तेच वितं. गोळीबाराने टोळ्या फुटल्या की तरण्या माद्याही वितात, आणि वाटेकरी कमी झाल्याने पिल्लं जास्त जगतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या १९७५ च्या एका अभ्यासाचा हिशोब असा: दरवर्षी शंभरातले पंचाहत्तर मारत राहिलात, तर ही जमात संपायला पन्नास वर्षं लागतील. आणि वासराला हातही न लावणारं जोडपं उगाच मारलं, तर त्याच्या जागी कोण येईल हे आपल्या हातात नसतं. घरमालकांच्या शब्दांत, ओळखीचा शेजारी बरा.

नुकसान खोटं नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या २०१५ च्या पाहणीत देशभरातल्या वासरांच्या मृत्यूंपैकी सुमारे ११ टक्के हिंस्र प्राण्यांमुळे होते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक कायोटीमुळे. म्हणजे उरलेली ८९ टक्के वासरं न्यूमोनियाने, हगवणीने, थंडीने, अडलेल्या विण्याने गेली. न्यूमोनियाला खांबावर टांगता येत नाही, एवढंच. म्हणून घरमालकांचा खरा बंदोबस्त बंदुकीबाहेरचा आहे: विणाऱ्या गायी घराजवळच्या कुरणात, पहिलारू कालवडींवर रात्रीची नजर, मेलेलं जनावर लगेच हलवायचं. आणि एक गाढव. हसू नका, गाढवाला कुत्र्याच्या जातीचा उपजत राग असतो, ते लाथा घालत, ओरडत कायोटीच्या अंगावर जातं. आप्पाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बिबट्यापुढं गाढव म्हंजी नाश्ता."

तो बरोबर बोलला, आणि माझ्या मते सगळी तुलना तिथेच मोडते. कायोटीने माणूस मारल्याच्या नोंदी अख्ख्या उत्तर अमेरिकेत दोनच आहेत, १९८१ ची कॅलिफोर्नियातली आणि २००९ ची कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातली. कायोटीशी तुलना करायचीच तर धनगराच्या मेंढ्या आणि माळावरचा लांडगा यांची करा. उसात पिल्लं घालणारा, अंगणातून लेकरू उचलणारा बिबट्या हे वेगळं प्रकरण आहे. तरीही इथला एक धडा तिथे आधीच शिकून झालाय. २००० नंतरच्या दशकात जुन्नरचे बिबटे धरून दुसरीकडे सोडले, तेव्हा जिथे सोडले तिथे हल्ले वाढले, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या संशोधनाने दाखवलं. सरसकट धरणं काय, सरसकट मारणं काय, जागा रिकामी राहत नाही. म्हणून "सगळे उडवा" ला माझा विरोध आहे. माणसावर चटावलेल्या त्या एका जनावराला गोळी घालायला नाही, आणि ती लवकर घालायला तर मुळीच नाही.

मला इथला हेवा वाटतो तो बंदुकीचा नाही. वासरू मेल्यावर पुढे काय करायचं हे ज्याचं वासरू तो ठरवतो, त्याच दिवशी. त्याची किंमतही तोच भरतो. इथल्या केंद्र सरकारची भरपाई मिळते ती लांडग्यासारख्या संरक्षित प्राण्याने जनावर मारलं तर. कायोटीला संरक्षण नाही, म्हणून भरपाई नाही. महाराष्ट्रात गायीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, जे कमी असेल ते. इथे चाप तुमचा आणि तोटाही तुमचा. तिथे पैसे सरकारचे आणि निर्णयही सरकारचा. आप्पाला मी विचारलं, भरपाई सोडून बंदूक घेशील का? बराच वेळ फोनवर नुसता मोटारीचा आवाज. मग म्हणाला, "तू तिकडं बसून इचारती. बंदूक घिऊन रातभर उसाला पाणी कोण देणार?"

डिसेंबरात घरमालकांना मी पिंपरखेडचा फोटो दाखवला: शेतात वाकून काम करणारी बाई, गळ्यात खिळ्यांचा पट्टा, कारण बिबट्या मान धरतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांशी नेला.

"हा कुत्र्याचा पट्टा आहे ना?"

मी हो म्हणाले. आमच्याकडे धनगराच्या कुत्र्यांना घालतात तसाच.

त्यांनी फोन परत दिला, गाढवाला गवत टाकायला गेले, आणि परत येऊन विचारलं, "मग अशा वेळी ती फोन कुणाला करते?"