कवटीवरून घडवलेल्या चेहऱ्याला साक्षीदार समजू नका

फॉरेन्सिक आर्टिस्ट नायिका असलेल्या सस्पेन्स कादंबऱ्यांची शिफारस करणारा एक मजकूर सध्या वाचकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं सार असं: या कादंबऱ्यांत दाखवतात ते सगळं प्रत्यक्षात घडतं. कवटी हाती आली की तज्ज्ञ कलाकार माणसाचा चेहरा जसाच्या तसा घडवतो, तो चेहरा कोर्टात पुरावा ठरतो, आता तर हे काम कॉम्प्युटर काही मिनिटांत करतो, आणि याच विद्येमुळे शेकडो वर्षांपूर्वीचे खून उलगडले आहेत. अशा कादंबऱ्या मीही आवडीने वाचतो. पण या चारपैकी एकही विधान खरं नाही, आणि ती खरी धरून चालल्यामुळे मृतांची ओळख पटवण्याच्या अवघड कामाबद्दल भलतीच समजूत पसरते.

आधी ‘जसाच्या तसा’ हे पाहू. कवटीवर मांस किती जाड होतं, हे कवटी सांगत नाही. ते इतरांच्या मापांच्या सरासरीवरून धरावं लागतं. १८९५ मध्ये लाइपझिगच्या विल्हेल्म हिस या शरीररचनाशास्त्रज्ञाने मृतदेहांच्या चेहऱ्यांत सुई टोचून ही जाडी मोजली. त्या मापांच्या आधाराने कार्ल सेफनर या शिल्पकाराने संगीतकार योहान सेबास्टियन बाखची मानल्या गेलेल्या कवटीवर चेहरा घडवला. आज मापं जिवंत माणसांच्या सीटी स्कॅन आणि सोनोग्राफीवरून घेतात, पण तत्त्व तेच आहे: कवटीच्या प्रतिकृतीवर ठरावीक जागी मापाच्या खुंट्या लावायच्या आणि त्यांच्या उंचीपर्यंत माती भरत जायची.

कपाळाचा उतार, डोळ्यांमधलं अंतर, गालांची हाडं, जबडा, दातांची ठेवण हे कवटी चांगलं सांगते. नाक आणि ओठ यांचा अंदाज नाकाच्या पोकळीवरून आणि दातांवरून बांधता येतो. कानाची पाळी, अंगावरची चरबी, सुरकुत्या, केस, मिशी, कातडीचा रंग यांबद्दल हाड जवळजवळ गप्प असतं. आणि ओळखीचं माणूस आपण गर्दीत ओळखतो ते बहुतेक वेळा याच गोष्टींवरून.

म्हणून एकाच कवटीवरून दोन चेहरे होऊ शकतात. १९१३ मध्ये हाइनरिख फॉन एगेलिंगने दोन शिल्पकारांना एकच कवटी आणि तीच मापं दिली. चेहरे वेगळे निघाले. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात कार्ल स्टीफन आणि मॅसिए हेनेबर्ग यांनी १६ घडवलेले चेहरे लोकांना दाखवले आणि फोटोंतून माणूस ओळखायला सांगितलं. नुसत्या नशिबाने जितके ओळखले गेले असते त्याहून स्पष्टपणे जास्त वेळा ओळखला गेला तो एकच चेहरा. दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये कॅरोलाइन विल्किन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सीटी स्कॅनवरून केलेल्या चेहऱ्यांत सुमारे दोन तृतीयांश पृष्ठभाग खऱ्या चेहऱ्यापासून २ मिलिमीटरहून कमी चुकला होता. म्हणजे हात कसलेला आणि साधनं चांगली असली तर ठेवण खरोखर जवळ जाते. मात्र ठेवण जवळ जाणं आणि माणूस ओळखू येणं यांत बरंच अंतर उरतं.

याच विल्किन्सन यांनी १४८५ मध्ये लढाईत मारला गेलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा चेहरा केला. लेस्टरमधल्या एका पार्किंगखाली २०१२ मध्ये त्याचा सांगाडा सापडला होता. २०१३ मध्ये जगाने तो चेहरा पाहिला तेव्हा केस गडद होते, कारण जुन्या चित्रांत ते तसे होते. पुढच्या वर्षी डीएनए तपासणीतून डोळे निळे आणि लहानपणी तरी केस पिंगट असण्याची शक्यता जास्त दिसली, आणि पुतळ्याचे केस, डोळे बदलावे लागले. इतकी नावाजलेली तज्ज्ञ, इतका नीट जपलेला सांगाडा, तरीही.

कोर्टाचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तिथे एखाद्याच्या जन्मठेपेचा प्रश्न असतो. मातीचा चेहरा ओळख सिद्ध करण्यासाठी नसतोच. तो वर्तमानपत्रांत, टीव्हीवर दाखवतात तो कुणाला तरी आठवावं म्हणून. १९८९ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ शहरात एका घरामागे कार्पेटमध्ये गुंडाळलेला एका मुलीचा सांगाडा सापडला. मँचेस्टरच्या रिचर्ड नीव्ह यांनी तिचा चेहरा घडवला, तो प्रसिद्ध झाला आणि थोड्याच दिवसांत ती कोण असावी हे सांगायला माणसं पुढे आली. फॉरेन्सिक कलेच्या इतिहासातलं हे लखलखीत यश आहे. पण कोर्टासमोर ओळख उभी राहिली ती दातांच्या नोंदींवर आणि हाडातून काढलेल्या डीएनएची आई-वडिलांच्या डीएनएशी जुळणी करून. चेहऱ्याने दार दाखवलं, ते उघडलं इतरांनी.

आठवणारं कुणी पुढे आलंच नाही तर हीच कला हतबल होते. अमेरिकेत जॉन वेन गेसी या साखळी खुन्याने मारलेल्या मुलांपैकी अनोळखी राहिलेल्यांच्या ९ कवट्यांवर बेटी पॅट गॅटलिफ यांनी १९८० मध्ये चेहरे घडवले. त्या या क्षेत्रातल्या अव्वल कलावंत होत्या. तरीही २०११ मध्ये प्रकरण पुन्हा उघडलं तेव्हा ८ मृतदेह निनावीच होते, आणि त्यानंतर जी नावं मिळाली ती डीएनएमुळे.

भारतातल्या खटल्यांत ऐकू येतं ते सुपरइम्पोझिशन. बेपत्ता माणसाचा फोटो आणि कवटीचा फोटो एकावर एक ठेवून ठेवण जुळते का ते पाहतात. हे काम वेगळं आहे, कारण इथे कुणाचा तरी संशय आधीच असतो आणि त्याचा फोटोही हाती असतो. असा पुरावा ग्राह्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच मान्य केलं आहे. फिरत्या मजकुराने या दोन गोष्टींची सरमिसळ केलेली दिसते. जोसेफ मेंगेलेच्या बाबतीतही हेच तंत्र वापरलं होतं. आउश्वित्झ या नाझी छळछावणीतल्या या डॉक्टरची मानली गेलेली हाडं १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये उकरली गेली. रिचर्ड हेल्मर यांनी कवटी आणि जुने फोटो पडद्यावर एकत्र आणले आणि तज्ज्ञांची जवळपास खात्री पटली. शंका कायमची मिटली ती १९९२ मध्ये, डीएनए जुळल्यावर.

कॉम्प्युटरबद्दल फार लिहायला नको. तो मापं झटपट बसवतो, पण हाडात नसलेली माहिती त्यालाही मिळत नाही. उलट त्वचेची छिद्रं आणि डोळ्यांतली चमक दाखवून तो अंदाजाला फोटोचं रूप देतो, आणि फोटो पाहिल्यावर शंका घ्यायचं आपण विसरतो. हरियाणातल्या राखीगढीच्या सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या दफनभूमीतल्या कवट्यांवरून डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि दक्षिण कोरियाचे शास्त्रज्ञ यांनी २०१९ मध्ये चेहरे प्रसिद्ध केले. चेहरे दोनच होते. तरी ‘हडप्पाचे लोक असे दिसायचे’ म्हणत ती चित्रं घरोघरच्या मोबाइलवर फिरली.

आता शेवटचं विधान: या विद्येने शेकडो वर्षांपूर्वीचे खून उलगडले. मुळात तेव्हाच्या माणसाला ओळखणारं आज कुणी जिवंत नाही. मग चेहरा दाखवायचा कुणाला? शिवाय खुनाचा तपास करायचा तर कवटीवरच्या खुणा पाहायच्या असतात, आणि घडवलेल्या चेहऱ्यात नेमक्या त्याच झाकल्या जातात. रिचर्डच्या सांगाड्यावर मृत्यूच्या वेळच्या ११ जखमा मोजल्या गेल्या, त्यांतल्या ९ डोक्यावर होत्या. तो कसा मेला हे त्या जखमांनी सांगितलं. तो कोण होता हे वाकलेला कणा, हाडाचं वय आणि बहिणीच्या वंशातल्या आज जिवंत असलेल्या माणसाशी जुळलेला डीएनए यांनी सांगितलं. चेहरा या सगळ्यानंतर लोकांसमोर आला.

गोव्यातलं उदाहरण तर कवटीविनाच सुटलं. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमाने शिराझमध्ये छळ करून मारलं गेलं, आणि तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी जुन्या गोव्यात आणले. पोर्तुगीज नोंदींचा माग काढत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठात खोदकाम केलं, तेव्हा हाताचं एक हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातला डीएनए तपासला. त्याचा मातृवंश भारतीय नमुन्यांत न आढळणारा, पण जॉर्जियात आढळणारा निघाला. २०२१ मध्ये ते अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन झाले. जुने कागद, फावडं आणि प्रयोगशाळा, इतक्याने हा शोध तडीस गेला.

आणि पंजाबातलं अजनाला. १८५७ च्या ऑगस्टमध्ये २६ व्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांना मारून तिथल्या विहिरीत टाकल्याचं इंग्रज अधिकारी फ्रेडरिक कूपरने स्वतःच लिहून ठेवलं होतं; आकडा २८२. २०१४ मध्ये विहीर उकरली तेव्हा हाडांचे तुकडे आणि दातांचा ढीग निघाला. ही फाळणीतली माणसं असावीत, असंही काहींचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ नमुन्यांतली समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासली होती. लहानपणी प्यायलेल्या पाण्याची आणि खाल्लेल्या अन्नाची खूण दातांत राहते, आणि ती पंजाबची नव्हती. ही माणसं गंगेच्या मैदानातून आलेली होती, शिपायांच्या पलटणीबद्दलच्या नोंदींशी जुळणारी. १८५७ चा गुन्हा आणि मारणाऱ्याचाच कबुलीजबाब यांच्यामध्ये एका विहिरीतले दात साक्षीला उभे राहिले. एकाही शिपायाचं नाव अजून त्याच्या हाडांशी जोडलं गेलेलं नाही. ऐतिहासिक गुन्ह्यांवर सस्पेन्स लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाने या विहिरीकडे यावं, आणि नायिकेच्या हाती मातीच्या गोळ्याबरोबर पलटणीचे जुने कागद आणि त्या शिपायांच्या वंशजांचे पत्तेही द्यावेत.