चिकाचा डाग आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा रामबाण

फणसाचा हंगाम आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: 'झाडाचा चीक गाडीवर, कपड्यावर, फर्निचरवर, कुठेही लागो, सॅनिटायझर चोळा. नाही निघाला तर थिनर लावा. कपड्यावर उकळतं पाणी ओता. चीक नैसर्गिकच असतो, घाबरायचं कारण नाही.' खाली हात जोडलेले, आणि 'सर्वांना पाठवा.' पाठवू नका.

आधी सॅनिटायझर. त्यातलं अल्कोहोल राळेसारखे पदार्थ विरघळवतं, इतपत खरं. पण रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाखाली रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी जे बारीक चिकट ठिपके दिसतात, ते बऱ्याचदा झाडाचे नसतातच. पिठ्या ढेकूण, मावा असले कीटक फांद्या-पानांतला रस शोषतात आणि जास्तीची साखर थेंबाथेंबाने खाली टाकतात. म्हणजे काचेवर पडलाय तो साखरेचा पाक. त्याला पाणीच हवं. ओलं फडकं थोडा वेळ ठिपक्यांवर ठेवायचं, ते मऊ पडले की गाडी धुण्याच्या शाम्पूने धुवायचं. कोरडं घासलं तर धुळीचे कण रंगावर ओरखडे काढतात. आठवडाभर तसंच राहू दिलं तर उन्हात ते कडक होतात, वर काजळीसारखी काळी बुरशीही धरते. बाभळीचा डिंकही पाण्यातच विरघळतो. शेवग्याचा पूर्ण विरघळत नाही, पण भिजून फुगला की सुटून येतो.

आता फणस, कारण मेसेजचा खरा रोख त्याच्यावरच असतो. फणसाच्या चिकाला पाणी शिवत नाही आणि सॅनिटायझर चोळून तो नुसता पसरतो. त्याला लागतं तेल. कोकणातून आलेल्या कुठल्याही घरात फणस फोडायच्या आधी हाताला, सुरीला, विळीच्या पात्याला खोबरेल लावतात, ते उगाच नाही. फोडल्यावर चीक ओला असतानाच वर्तमानपत्राच्या कागदाने पुसून घ्यायचा, मग पुन्हा तेल चोळायचं, आणि शेवटी भांड्यांच्या साबणाने ते तेल काढायचं. हा क्रम उलटा केला, आधी साबण-पाणी आणि मग तेल, की तासभर हात एकमेकांना चिकटत बसतात. ओट्यावर, फरशीवर, स्टीलच्या भांड्यांवर हेच चालतं. सुती कपड्यावरही चालतं, फक्त मागे राहिलेला तेलाचा डाग धुण्याआधी भांड्यांचा साबण लावून काढावा लागतो. रेशमी साडीवर मात्र यातलं काही करू नका. ती सरळ ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग कशाचा आहे ते त्याला सांगा.

'फर्निचरवर सॅनिटायझर' हा सल्ला तर जुन्या सागवानी कपाटाच्या मुळावर येणारा. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तिच्यावर अल्कोहोल चोळलं की चिकाबरोबर पॉलिशही सुटतं आणि तिथे पांढुरका चट्टा उरतो. लाकडावर तेलाचा बोळा हलक्या हाताने फिरवा, तोही आधी मागच्या बाजूला करून बघून.

थिनरबद्दल फार बोलायला नको. तो रंगच पातळ करण्यासाठी असतो, मग गाडीचा रंग सोडेल कसा? हेडलाइटचं प्लास्टिक धुरकट होतं, त्याला तडे जातात. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने चष्म्याची फ्रेमसुद्धा खराब होऊ शकते. शिवाय थिनरची वाफ पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते. बंद स्वयंपाकघरात, गॅसजवळ त्याची बाटली उघडणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

आता कपड्यावरचं उकळतं पाणी. त्याने राळ (फणसाचा चीक नव्हे, अल्कोहोलमध्ये विरघळणारा झाडाचा चिकट पदार्थ) विरघळत नाही, मऊ होते आणि धाग्यांत आणखी आत शिरते. गरम इस्त्रीचंही तेच. कडक थर असेल तर कपडा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, ठिसूळ झालेला भाग बोथट सुरीने उचलून काढा आणि उरलेल्यावर स्पिरिटचा बोळा लावा. इथे मात्र सॅनिटायझरवाल्यांचं बरोबर आहे. फक्त कपड्याचा रंग जातो का, ते शिवणीच्या आत आधी तपासा.

उरलं मेसेजमधलं 'चीक नैसर्गिकच असतो, घाबरायचं कारण नाही' हे वाक्य, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. वाशीच्या मार्केटमधून पेटी घरी आणली की देठाजवळचा चीक ओठांना, हाताला लागतो आणि काहींना चट्टे उठतात, फोड येतात. बिब्ब्याचा रस तर धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरत, कारण तो धुऊन जात नाही. तो डाग पडला तर घरगुती उपाय शोधण्यात वेळ घालवू नका.

आणि रुई. शनिवारी मारुतीसाठी पानांचा हार ओवताना बोटांना पांढरा चीक लागतो आणि नकळत तोच हात डोळ्याकडे जातो. सुरुवातीला दुखतही नाही, पण बुबुळाला इजा होऊन नजर धूसर होऊ शकते. अशा वेळी तेल नको, सॅनिटायझर तर नकोच. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान 15 मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. हार ओवून झाल्यावर हात धुवायचे, ते चेहऱ्याला हात लावायच्या आधी.