कपाट आवरायचंय? आधी मामींना विचारा

सगळ्यात आधी कपाटातला प्रत्येक कपडा काढून पलंगावर टाका. हे काम रात्री साडेदहाला सुरू करावं. त्या पलंगावर ज्यांना झोपायचं असतं, त्यांचाही मग हिरिरीने सहभाग मिळतो.

ढीग बघून धीर सोडू नका. एकेक कपडा उचला आणि स्वतःला विचारा, हा माझ्या स्टाइलमध्ये बसतो का? तो बसेलही, आपण त्यात बसत नाही हा भाग वेगळा. तेव्हा हा प्रश्न सोडा आणि खरा विचारा: हा कोणी दिला? मोरपंखी साडी मामींनी दिली. तुम्हाला मोरपंखी आवडत नाही हे मामींना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर त्या प्रत्येक कार्यात तुमच्याकडे आधी साडी बघून मग तोंड बघतात. साडी परत आत. तुमची पर्सनल स्टाइल कोणी ठरवली, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

हल्ली कॅप्सूल वॉर्डरोबचं फार ऐकू येतं. मोजके कपडे, एकमेकांवर चालणारे. न्यूयॉर्कच्या फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी 1985 साली असा सात कपड्यांचा संच आणला होता. बाई हुशार, पण त्यांच्या हिशेबात नणंदेच्या मुलाचं लग्न धरलेलं नव्हतं. मेंदीला एक, हळदीला पिवळी, सीमांतपूजनाला एक, मुहूर्ताला एक, रिसेप्शनला एक. दीड दिवसात पाच संपले. उरलेल्या दोनांत उरलेलं आयुष्य काढायचं, आणि "ही बारशाला नेसली होतीस ना गं?" विचारणाऱ्या काकूंची स्मरणशक्ती वयानुसार वाढतच चालली आहे.

आता शर्टपीसकडे वळू. पुठ्ठ्याच्या खोक्यात, सेलोफेनखाली, घडी न मोडलेला. हे कापड आहे असा काहींचा गैरसमज असतो. हे चलन आहे. ते शिवायचं नसतं, फिरवायचं असतं. फक्त खोक्यावर पेन्सिलीने कोणाकडून आला ते लिहून ठेवा, नाहीतर ज्यांनी मुंजीत दिला त्यांनाच वास्तुशांतीला जाईल. (आमच्याकडून एकदा गेला. त्यांनी दोन वर्षांनी तो आम्हालाच परत दिला, त्यामुळे प्रकरण मिटलं.) ब्लाउजपिसांचंही तेच. 80 सेंटीमीटरच्या त्या तुकड्यात कोणाचा ब्लाउज होतो हे शिंप्यालाही माहीत नाही. पण ते ओटीत येतात आणि ओटीतच जातात. घरात सत्तावीस असतात, आणि ऐन हळदीकुंकवाच्या दिवशी एकही सापडत नाही.

पैठणीची घडी मात्र दर काही महिन्यांनी मोडून वेगळी घाला, नाहीतर घडीवर जर चिरते. मऊ सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. हा सल्ला खरा आहे, चुकून आला.

जीन्सची कंबर दोन इंचांनी कमी पडते? ठेवा. ती जीन्स नाही, तो संकल्प आहे. विरलेल्या सुती साड्याही ठेवा, गोधडीला होतील. गोधडी शिवणारी आजी जाऊन बारा वर्षं झाली, पण साड्या साठवायचं काम आपण थांबवलेलं नाही. बनियनचं गाडी पुसायचं फडकं होतं. सध्या घरात गाड्या एक आणि फडकी चौदा आहेत.

जागा कमी पडतेय म्हणून कपाटाला दोष देऊ नका. गोदरेजने 1923 साली पोलादी कपाटं करायला घेतली, ती चोराला आत शिरता येऊ नये म्हणून. आतलं बाहेर काढण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं.

इतकं करूनही काही कपडे पलंगावर उरतील. अकरा साड्या, चार पँटा. आईला फोन करू नका, नाहीतर शून्य उरतील. सकाळी खालून "भांडीय्येऽऽ" ऐकू आलं की बोहारणीला वर बोलवा. ती एकेक साडी उजेडात धरेल, बोट आरपार दाखवेल आणि म्हणेल, "ताई, ही विरलीय. साहेबांच्या अजून पँटा नाहीत का?" डोना कॅरन राहू द्या, कपड्याची खरी पारख या बाईला आहे. तुमची नजर मोठ्या पातेल्यावर असेल, तिची मामींच्या मोरपंखी साडीवर. मोह आवरा. पाऊण तास घासाघीस होईल, तुम्ही दोनदा दार लावाल, ती दोनदा पायऱ्या उतरेल, शेवटी एक चादर वर टाकल्यावर ती झाकणाचा एक स्टीलचा डबा देईल.

स्वयंपाकघराच्या फळीवर असे पाच डबे आधीच आहेत, तिथे तो मावणार नाही. कपाटात एक कप्पा आता रिकामा झालाय, तिथे ठेवा. सत्तावीस ब्लाउजपीस त्यात बरोब्बर बसतात.