हिऱ्यावर हातोडी मारायला सांगणारा तो मेसेज

‘खरा हिरा ओळखा घरच्या घरी, सराफाकडे जायची गरजच नाही’ असा मेसेज सध्या फिरतोय. माझ्याकडे तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी न बोलता पुसून टाकला. तेव्हाच बोलायला हवं होतं. तिसऱ्यांदा तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि मामांनी तो वाचला.

मामांनी मुलाच्या साखरपुड्यासाठी चेन केली होती. १८ कॅरेट सोनं, भरीव कड्या, समोर छोटी पट्टी आणि त्या पट्टीत प्रत्येकी १० सेंटचे, म्हणजे ०.१ कॅरेट वजनाचे, ७ हिरे. साखरपुड्याला चार दिवस असताना त्यांनी ती पाट्यावर ठेवली आणि मधल्या हिऱ्यावर हातोडी घातली. हिऱ्याचे तीन तुकडे झाले. मामा तसेच पेढीवर गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर सराफाला चोर म्हणाले. रात्री मला फोन आला, ‘तू त्या धंद्यातली, आता तूच सांग आपण कसे फसलो.’

मी मुंबईत चौदा वर्षं हिऱ्यांच्या वर्गवारीचं काम करते. मामा तुकडे काडेपेटीत घालून घेऊन आले. तपासले, तिन्ही हिऱ्याचेच निघाले.

म्हणून आज त्या मेसेजला उत्तर देते आहे. त्यातलं सगळं सारखंच खोटं नाही, पण जे सगळ्यात खोटं आहे तेच सगळ्यात ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘अस्सल हिरा हातोडीने फुटत नाही, फुटला तर समजा काच.’ आणि पुरावा म्हणून खाली तुकोबांचा अभंग.

‘हिरा ठेविता ऐरणी। वाचे मारिता जो घणी॥’ हा अभंग मामांना लहानपणापासून पाठ आहे. त्यांच्या घरात वारी आहे. इतर कुणी सांगितलं असतं तर त्यांनी दहा वेळा विचार केला असता, पण तुकोबांचा शब्द म्हटल्यावर ते थांबले नाहीत. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. तो अभंग हिरे पारखायचं शास्त्र सांगायला लिहिलेला नाही. शेवटच्या ओळीत तुकोबा स्वतःच सांगतात की जगाचे आघात सोसतो तो संत. हिरा तिथे दृष्टान्तापुरता आला, कारण त्या काळी बरेच लोक असंच मानत होते. रोममध्ये प्लिनी नावाच्या लेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवलं होतं की हिरा ऐरणीवर ठेवून ठोकला तर घण आणि ऐरणच फुटते, आणि तो मऊ करायचा असेल तर बोकडाचं ताजं, गरम रक्त लागतं. त्या रक्तावर आज कुणी विश्वास ठेवत नाही. घण मात्र अजून चालतो.

बरं, हे खोटं असल्याचं नव्याने कळलंय असंही नाही. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली भारतात आला, गोव्यात राहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्यही होता. भारतातल्या औषधी वस्तूंवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं आणि त्यात हिऱ्यावर एक अख्खं प्रकरण आहे. खाणींचा प्रदेश आणि हिऱ्यांचे व्यापारी जवळ असलेल्या या माणसाने प्लिनीचं म्हणणं सरळ खोडून काढलं: हिरा हातोडीने सहज फुटतो, त्याची पूड करतात आणि त्या पुडीनेच दुसरे हिरे घासतात. तुकोबांच्या जन्माआधी, इथेच आपल्या शेजारी, हे छापून झालं होतं.

त्या पुडीचाच विचार करा. ‘हिऱ्याने हिरा कापतात’ हे आपण सगळेच म्हणतो. मग ती पूड आली कुठून? पूर्वापार कळकट, बारीक, दागिन्यात न चालणारे हिरे कुटूनच ती करत आले. हिरा फुटला नसता तर एकाही हिऱ्याला पैलू पडले नसते.

घोटाळा एका शब्दाचा आहे. हिरा कठीण आहे म्हणजे त्याला ओरखडा पडत नाही. १८१२ साली मोहस या जर्मन खनिजतज्ज्ञाने जी मोजपट्टी केली, ज्यात हिऱ्याला १० आणि माणकाला ९ आकडा आहे, ती ओरखड्याचीच आहे. घाव सोसण्याशी तिचा काही संबंध नाही. हिऱ्याच्या आत ठरावीक चार दिशा अशा असतात की त्यांना समांतर घाव बसला तर तो लाकडासारखा रेषेवर उलगडतो. दक्षिण आफ्रिकेत १९०५ साली सापडलेला ३१०० कॅरेटच्या वरचा कलिनन हिरा १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमला ॲशर नावाच्या हिरे कापणाऱ्या कारागिराने असाच फोडला, खाचेत पातं ठेवून वर घाव घालून. एवढा मोठा हिरा घावाने फुटतो, तिथे १० सेंटच्या खड्याने पाट्यावर काय टिकाव धरायचा?

म्हणजे या चाचणीत खऱ्या हिऱ्यालाच शिक्षा होते. हिरा जातो, सराफावर आळ येतो, आणि मेसेज पाठवणाऱ्याला कुणी विचारतसुद्धा नाही.

दुसरी चाचणी, ‘लायटरने ४० सेकंद तापवा आणि थंड पाण्यात टाका’. हेही करू नका. हिऱ्यात बारीक चीर आधीपासून असेल तर अशा झटक्याने ती वाढू शकते, आणि दागिन्यांतल्या बऱ्याच हिऱ्यांत काही ना काही असतंच. हिरा हा शेवटी कार्बन आहे. लाव्हाझिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७७२ च्या सुमारास मोठ्या भिंगाखाली हिरा जाळूनच दाखवला होता. सोन्याला डाग द्यायची, म्हणजे सांधा जोडायची, वेळ आली की जाणता कारागीर खड्यावर आधी बोरिक पावडरचा लेप देतो, कारण टॉर्चच्या आचेत उघडा हिरा वरून धुरकटतो. तो इतकी काळजी घेतो आणि आपण स्वयंपाकघरात लायटर घेऊन बसायचं?

‘पाण्यात बुडतो तो खरा.’ बुडतो, कबूल. काचही बुडते, झिर्कॉनही बुडतो. ‘काच कापतो तो खरा.’ साधी गारगोटीसुद्धा काचेवर ओरखडा काढते. ‘अंधारात निळा चमकला तर खोटा.’ अतिनील प्रकाशात साधारण चौथा ते तिसरा हिस्सा हिरे कमीजास्त चमकतात, बाकीचे नाही, त्यावरून काहीही ठरत नाही.

‘फुंकर मारा, वाफ लगेच गेली तर हिरा’, यात अर्धं तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. हिरा उष्णता फार वेगाने वाहून नेतो, म्हणून वाफ टिकत नाही. दुकानातलं पेनासारखं छोटं यंत्र याच गुणावर चालतं. पण मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही जवळपास तसाच वागतो आणि साध्या यंत्रालाही चकवतो, त्यासाठी विजेच्या वहनावर चालणारं वेगळं यंत्र लागतं. शिवाय खड्यावर घामाचा थर असेल तर खऱ्या हिऱ्यावरही वाफ रेंगाळते.

आणि या सगळ्या चाचण्या कालच्या फसवणुकीसाठी आहेत. आज हिऱ्याच्या नावाने काच विकणारा कमी. खरा धोका लॅबमध्ये वाढवलेला हिरा खाणीतला म्हणून विकला जाण्याचा आहे. लॅबचा हिरा खोटा नसतो, तोही कार्बनच, तितकाच कठीण, तसाच फुटणारा. सांगून विकला तर घ्यावा, हौसेने घालावा. पण किंमत खाणीतल्या हिऱ्याच्या कितीतरी खाली असते आणि दोघांतला फरक चौदा वर्षं हिरे बघणाऱ्या माझ्या डोळ्यांनाही दिसत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. या धोक्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळ नाही.

‘हॉलमार्क आहे म्हणजे हिराही सरकारमान्य’ हे वाक्य तर थेट नुकसान करणारं आहे. हॉलमार्क धातूचा, म्हणजे इथे सोन्याचा, हिऱ्याचा नाही. त्यात असतं बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, जो १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी सक्तीचा आहे. शुद्धतेचा आकडा १८ कॅरेटला ७५०, १४ कॅरेटला ५८५. एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा, दोन मिनिटं लागतात. हिऱ्याबद्दल त्यात काहीच नसतं. त्यासाठी हिरे तपासणाऱ्या लॅबचं वेगळं सर्टिफिकेट घ्या. त्यावर ‘नैसर्गिक’ की ‘लॅब-ग्रोन’ हे आधी वाचा, मग एकूण वजन, रंग, शुद्धता. सर्टिफिकेटचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून पाहा. कोंदणात बसवलेल्या खड्याची प्रत अंदाजानेच दिलेली असते हेही लक्षात असू द्या. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि हिऱ्यांचं वजन वेगळं हवं. हिऱ्याचा कॅरेट हे वजन आहे, सोन्याच्या शुद्धतेचा कॅरेट वेगळा; हिऱ्याचे ५ कॅरेट म्हणजे १ ग्रॅम, हा हिशोब स्वतः मांडा, नाहीतर खड्यांचं वजन सोन्याच्या भावात जातं.

पुरुषांच्या चेनला आणखी एक गोष्ट बघावी लागते, जी हे मेसेजवाले कधीच सांगत नाहीत: कोंदण. ही चेन दिवसभर कॉलरला घासते, टी-शर्टात अडकते, छातीच्या केसांत गुंतते. रोज घालायची असेल तर खडा चारी बाजूंनी सोन्याच्या काठात बसवलेला बरा. पुढून-मागून मोकळ्या नखांवर, म्हणजे प्राँगवर, बसवलेले खडे जास्त चमकतात खरे, पण एक नख उचललं की खडा गेला. ओळखायची खूण सोपी आहे. चेन सुती कापडावरून हलकेच ओढा, धागा अडकला तर नख उठलंय. कानाशी धरून हलवा, खुळखुळलं तर खडा सैल आहे. पोकळ कड्यांची चेन स्वस्त पडते, पण चेपली की नीट दुरुस्त होत नाही. आणि पकड, म्हणजे मागचा हूक, भक्कम बघा. चेन हरवते ती बहुतेक हूक सुटूनच.

शेवटचा दावा वाचून मी खुर्चीतून उठलेच: ‘अस्सल हिरा कधी मळत नाही, त्याला तेल चिकटत नाही, मळला तर नकली. टूथपेस्टने घासा, मळ जास्त असेल तर ब्लीच वापरा.’

एकदम उलट! हिऱ्याला पाणी नीट धरत नाही आणि तेल मात्र घट्ट चिकटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीच्या खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच गुणावर हिरे वेगळे काढले जात. ग्रीस लावलेल्या हलत्या टेबलावरून ओली खडी वाहू द्यायची, दगड वाहून जातात, हिरे ग्रीसला चिकटून राहतात. जो हिरा या गुणामुळे खाणीत सापडतो, तो तुमच्या मानेवरचा घाम, तेल आणि क्रीम का धरणार नाही? महिन्याभराने हिरा निस्तेज दिसला तर घाबरू नका, तो तसा दिसणारच.

टूथपेस्टने हिऱ्याला काही होत नाही, पण सोनं मऊ असतं, त्याच्यावर चरे पडतात. ब्लीच तर घरात चेनच्या जवळही आणू नका. १८ कॅरेटमध्ये पाव भाग इतर धातू असतात, ब्लीचमधलं क्लोरीन त्यांना आतून खातं. बारीक नखं ठिसूळ होऊन एक दिवस मोडतात आणि खडा कुठे पडला ते कळतही नाही. स्विमिंग पूलला जाताना चेन काढायची ती याच कारणाने.

धुवायला कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, एवढं पुरतं. वाडग्यात वीस मिनिटं भिजवा, लहान मुलांच्या मऊ ब्रशने खड्याच्या मागच्या बाजूने घासा, कारण मळ तिथेच साचतो. वाडग्यातच खळबळा, बेसिनच्या नळाखाली नको. कोरडी करून हूक लावून वेगळ्या मऊ पिशवीत ठेवा, इतर दागिन्यांबरोबर ठेवली तर हिरे त्यांच्यावर ओरखडे काढतात. अत्तर, डिओ आधी, चेन नंतर. व्हाइट गोल्डवरचा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा काही वर्षांनी उतरून पिवळट झाक दिसते. ती फसवणूक नाही, मुलामा पुन्हा देता येतो.

सराफांवर लोकांचा अविश्वास उगाच नाही, हेही मला माहीत आहे. बिलात निव्वळ वजन न लिहिणारे आहेत, ‘सर्टिफिकेट नंतर देतो’ म्हणणारेही आहेत. त्यांना बिल मागून धरा. मामांच्या सराफाने मात्र बिल, एचयूआयडी, सर्टिफिकेट सगळं दिलं होतं. ते पाकीट मामांच्या कपाटात न उघडलेलं होतं.

साखरपुड्याला चेन घालता आली नाही. तसाच १० सेंटचा हिरा मी शोधून दिलाय, बसवून यायला आठवडा लागेल. सोमवारी मामा पेढीवर माफी मागायला जाणार आहेत. काल फोनवर म्हणाले, ‘तू बरोबर ये गं, माझ्याने एकट्याने बोलवणार नाही.’ मी जाणार आहे.