हेडविग मठात राहिली, पण जोगीण झाली नाही

सप्रेम नमस्कार. आजच्या पोलंडमधल्या सायलेशिया प्रांताची डचेस हेडविग हिच्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: तिची माहिती भाविकांनी लिहिलेल्या चरित्रातून येते, म्हणून ती विश्वासार्ह नाही, आणि संसार टाकून ख्रिस्ती मठात जाऊन बसलेल्या बाईला ‘कर्ती’ म्हणणे चुकीचे आहे.

पहिला आक्षेप बऱ्याच अंशी मान्य आहे. हे चरित्र तिला १२६७ साली संतपद मिळाल्यानंतर, १३०० च्या सुमारास लिहिले गेले आणि त्यातले चमत्कार मी लेखात घेतलेलेच नाहीत.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. १२२९ साली माझोव्हिया या दुसऱ्या पोलिश संस्थानाचा ड्यूक कॉन्राड याने तिच्या पतीला, ड्यूक हेन्रीला, कैद केले, तेव्हा ती दूतांवर विसंबून राहिली नाही. स्वतः कॉन्राडकडे गेली, बोलणी केली आणि नवऱ्याला सोडवून आणले. संसाराकडे पाठ फिरवलेली स्त्री एवढी धडपड कशासाठी करेल?

सायलेशियातल्या ट्शेब्नित्सा गावचा मठ हेन्री आणि हेडविग या दोघांनीच स्थापला होता आणि त्यांची मुलगी गर्ट्रूड तिथे मठाधिपती होती. १२३८ मध्ये हेन्री वारल्यावर हेडविग तिथे कायमची राहायला गेली, जोगिणींसारखी वस्त्रे वापरू लागली, पण तिने अखेरपर्यंत दीक्षा घेतली नाही, कारण दीक्षा घेतली की स्वतःचे म्हणून काही उरत नाही, आणि आपले उत्पन्न गोरगरिबांवर आपल्या मर्जीने खर्च करण्याचा हक्क तिला सोडायचा नव्हता. मला तिच्या आयुष्यातला हा नकार सर्वांत मोलाचा वाटतो.

तिच्या चरित्राच्या १३५३ सालच्या सचित्र पोथीतले तिचे चित्र जरूर पाहावे. वाचता वाचता थांबल्यासारखे तिचे बोट मिटलेल्या पुस्तकात अडकलेले आहे, हातात मेरीची छोटी मूर्ती आहे, आणि पायांत असायला हवेत ते जोडे हातावर लटकत आहेत. जोडे घालण्याची आज्ञा झाली, तेव्हा तिने ते जवळ बाळगले, पण पायांत घातले नाहीत, अशी कथा आहे. ती दंतकथाच असेल, तरी लोकांच्या आठवणीत ती कशी राहिली, हे त्यातून कळते.

‘संसाराचा त्याग’ हे माझ्या लेखातले शब्द मात्र दिशाभूल करणारे होते. आपण लक्षात आणून दिल्यामुळे ते आजच काढून टाकले आहेत.