बडोद्याला उतरा

बडोदं मी लहानपणापासून पंचवीस-तीस वेळा तरी पाहिलं असेल. खिडकीतून. अहमदाबादला मावशी राहायची, दर मे महिन्यात जाणं व्हायचं. बडोदं आलं की बाबा चहाला खाली उतरायचे, आई दाराशी उभी राहून "अहो, चढा आता, सुटेल गाडी" म्हणत राहायची आणि आम्ही भावंडं लिलो चेवड्याच्या पुडीवर तुटून पडायचो. मग गाडी हलायची. आमच्यासाठी बडोदं एवढंच होतं, चहाचं स्टेशन.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री आम्ही चौघी मैत्रिणी बोरिवलीला गाडीत बसलो आणि पहाटे त्याच स्टेशनवर उतरलो. आपण फलाटावर उभ्या आहोत आणि गाडी आपल्याला सोडून पुढे चालली आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतेय, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

वीकेंड म्हटलं की आपल्याकडे कार काढायची आणि लोणावळा किंवा अलिबाग गाठायचं, हे जणू ठरलेलंच आहे. मीही पंधरा वर्षं तेच केलं. शनिवारी सकाळी टोलनाक्यावर दोन तास, तिकडे रिसॉर्टवर पोहून, जेवून, झोपून रविवारी दुपारी परत त्याच रांगेत. गाडी चालवणाऱ्याला गप्पांत भाग घेता येत नाही, मागे बसलेल्यांना पुढचं ऐकू येत नाही. परत आल्यावर थकवा तेवढा असतो, गावाचं एकही घर डोळ्यांसमोर येत नाही. मित्रमैत्रिणींबरोबर दोनच दिवस मिळणार असतील तर ते रेल्वेनं, एखाद्या शहरात आणि पायी घालवावेत, असं माझं आता अगदी ठाम मत आहे.

गाडीतली रात्र मी सहलीतच धरते. मेधाचं तिकीट शेवटपर्यंत आरएसीच राहिलं. साइड लोअरवर तिच्या वाट्याला अर्धी जागा, उरलेल्या अर्ध्या जागेत आणंदला शिकणारी एक मुलगी. आम्ही त्या मुलीला माझा बर्थ दिला आणि विरारच्या पुढे दिवे मालवल्यावर चौघी मेधाच्या सीटवर येऊन दाटीवाटीनं बसलो. एका शालीत दोघी. आवाज खाली ठेवायचा म्हणून डोकी जवळ आणून बोलत होतो. शाळेत असल्यापासूनची मैत्री आहे, तरी मेधाच्या आईच्या शेवटच्या महिन्यांबद्दल ती कधीच बोलली नव्हती. त्या रात्री बोलली. वापी गेलं, वलसाड गेलं, आम्ही हललो नाही. घरात, हॉटेलात, फोनवर हे झालं नसतं. अंधारात गाडी चालत असली की माणसाला समोर बघत बोलावं लागत नाही, म्हणून असेल कदाचित.

(तिकिटाचं एक सांगून ठेवते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि शुक्रवार रात्र-रविवार संध्याकाळ सगळ्यात आधी भरतं. व्हॉट्सॲपवर "बघू गं, ठरवू" करत बसलात तर जाणं होणार नाही. एकीनं तिकिटं काढून टाकायची आणि मग सांगायचं. आणखी एक नियम आम्ही केला होता, घरच्यांसाठी दोन दिवसांचं जेवण करून फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. कुणी उपाशी राहिलं नाही.)

सकाळी सेव-उसळ खाल्ली. वाटाण्याची उसळ, वर जाड शेव, कांद्याची हिरवी पात, लसणाची चटणी, सोबत पाव. गाडीवाला गुजरातीत बोलत होता, पण रस्सा संपल्यावर त्यानं विचारलं, "तरी?" आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. तोच शब्द! उसळही आपली, तरीही आपली. पिलाजीराव गायकवाडांच्या फौजा इकडे येऊन तीनशे वर्षं झाली, तरी तो शब्द त्या पातेल्यात अजून तसाच आहे.

मराठी माणूस बडोद्याला जातो तो लक्ष्मी विलास पॅलेस बघायला. आम्हीही गेलो. १८९० साली बांधून झालेला तो राजवाडा भव्यच आहे, दरबार हॉलची मोझेकची जमीन डोळ्यांत मावत नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला थांबवून ठेवलं ते मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीनं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. जिथे वाचनालय नाही अशा गावांना पुस्तकांच्या पेट्या जायच्या. या ग्रंथालयात लोखंडी मांडण्या एकावर एक मजले चढत जातात आणि मधली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. मी चपला हातात घेऊन त्या काचेवर उभी राहिले. पायाखाली हिरवट उजेड आणि त्याखाली पुस्तकांच्या पाठी, कितीतरी मराठी. आमच्यातली सुनंदा नगरपालिकेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अगं, हा माणूस बारा वर्षांचा होईपर्यंत कवळाण्याला शेतकऱ्याच्या घरात होता." मालेगावजवळचं कवळाणं. १८७५ साली तो बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक आला आणि १९०६ मध्ये त्यानं सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. देशाला तो हक्क कायद्यानं मिळायला २००९ उजाडलं. सुनंदाचा गळा दाटून आला होता आणि माझाही.

दुपारी रावपुऱ्यात तांबेकर वाडा. दिवाणांचा लाकडी वाडा, अरुंद जिना, वरच्या दालनात भिंतभर चित्रं. कृष्ण, युद्धं, टोप्या घातलेले साहेब, सगळं शेजारी-शेजारी. आमच्याशिवाय तिथे कुणीही नव्हतं. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत, दांडिया बाजारात, दारांवर मराठी आडनावं वाचत हिंडलो. एका ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजींनी विचारलं, "मुंबईच्या का?" पाणी दिलं, बसा म्हणाल्या. मराठी आपलीच, सूर जरा गुजरातीकडे झुकलेला. त्यांची पाचवी पिढी तिथली. महाराष्ट्रात कुणीच नाही म्हणाल्या, पण गणपती मात्र दीड दिवसाचाच. कार घेऊन गेलो असतो तर त्या गल्लीत शिरलोच नसतो.

रविवारी दुपारी विश्वामित्रीच्या पुलावरून आलो. भर शहरातून वाहणारी ती नदी आणि तिच्यात खऱ्याखुऱ्या मगरी. पुढे काळा घोडा, घोड्यावर बसलेले सयाजीराव, आणि मागे त्यांनीच लोकांसाठी केलेली बाग. जुनं नाव कमाटी बाग, आता सयाजी बाग.

या बागेबद्दल मला शाळेत कुणी नीट शिकवलं नव्हतं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. राहायला खोली मिळेना. अस्पृश्याला कोण देणार? पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला त्यांनी विचारलं. दोघांनीही अडचण सांगितली. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी याच बागेत बसून काढले. तिथेच त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला असं मानतात, म्हणून त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात, २३ सप्टेंबर हा संकल्प दिन.

मी आदल्या दिवसापासून सयाजीरावांच्या कौतुकात होते आणि ते कौतुक मी कमी करणार नाही. शिष्यवृत्ती त्यांनीच दिली होती. पण राजानं सातासमुद्रापार पाठवून शिकवलेल्या माणसाला त्याच राजाच्या शहरात एक खोली मिळाली नाही, हेही तितकंच खरं. काचेची जमीन बघायला गेलात तर कमाटी बागेतही बसा. एक पाहून दुसरं टाळू नका.

आम्ही तिथे तासभर होतो. मुलं खेळत होती, एक कुटुंब ढोकळ्याचा डबा उघडून बसलं होतं. मेधा म्हणाली, "आपण खोली फोनवरून दोन मिनिटांत घेतली गं." पुढे कुणी काही बोललं नाही.

आमची गाडी संध्याकाळची होती. बागेपासून स्टेशन चालत पंधरा-वीस मिनिटांवर. रिक्षावाला समोर येऊन थांबला होता, सुनंदानं त्याला नको म्हणून सांगितलं आणि सॅक पाठीला लावून आम्ही चालायला लागलो.